स्मरणरंजनाचा बाजार

सणासुदीचे दिवस जवळ आले की जाहिरातींचा सूर बदलतो. एरवी किंमत, सवलत आणि हप्ते यांविषयी बोलणारी जाहिरात एकाएकी आईच्या हातच्या चवीविषयी, वाड्यातल्या पहाटेविषयी आणि लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याविषयी बोलू लागते. वस्तू मागे सरते आणि तिच्या जागी एखादे तरुण जोडपे किंवा दारात वाट पाहणारे आजोबा उभे राहतात. विकायचा असतो साबण, स्कूटर, चॉकलेट किंवा हिरा. दाखविले जाते ते प्रेम आणि सरलेला काळ. हा प्रकार नवा नाही. परंतु त्यामागे आता मानसशास्त्राचा अभ्यास आणि प्रचंड भांडवल उभे आहे. म्हणूनच त्याचा विचार करमणुकीच्या सदरात न करता अर्थव्यवहाराच्या सदरात करणे आवश्यक आहे.

जाहिरात दोन मार्गांनी मन वळविते. पहिला मार्ग विधानाचा. अमुक तेलात भेसळ नाही, अमुक पंखा कमी वीज खातो, अशी विधाने खरी की खोटी हे प्रयोगशाळेत तपासता येते. दुसरा मार्ग भावनेचा. अमुक साबण म्हणजे तुमचे बालपण आणि अमुक अंगठी म्हणजे तुमचे प्रेम, असे सुचविले की तपासण्याजोगे काहीच उरत नाही. जे विधानच नाही ते खोटे ठरणार कसे? व्यापाराचा कल पहिल्या मार्गाकडून दुसऱ्याकडे का झुकला, याचे उत्तर इथेच सापडते. आज बाजारातील बहुतेक साबण सारखेच फेसाळतात आणि बहुतेक स्कूटरी सारख्याच धावतात. वस्तूवस्तूंतील भेद जसजसा पुसट झाला, तसतसा तो भेद ग्राहकाच्या मनात निर्माण करणे उत्पादकाला भाग पडले.

प्रेमाला बांधलेला दगड

प्रेमभावनेचा व्यापारी उपयोग किती दूरवर जाऊ शकतो, याचा सर्वांत बोलका दाखला हिऱ्याचा आहे. १९३८ साली, जागतिक मंदीने हिऱ्यांचा खप घसरला असताना, दक्षिण आफ्रिकेतील खाणींवर प्रभुत्व असलेल्या डी बिअर्स कंपनीने अमेरिकेतील एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात संस्थेला पाचारण केले. हिरा म्हणजे चिरंतन प्रेम, हे समीकरण सांगणारे सुप्रसिद्ध घोषवाक्य १९४७ साली याच संस्थेतील फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने लिहिले. त्या जाहिरातींत हिऱ्याची किंमत सांगण्यावर भर नव्हता आणि एका विशिष्ट दुकानाचाही आग्रह नव्हता. भर होता तो अंगठीवाचून वाङ्निश्चय अपुरा आहे हे मनावर बिंबविण्यावर. जपानमध्ये तर वाङ्निश्चयाला हिऱ्याची अंगठी देण्याची प्रथाच नव्हती. तेथे १९६७ साली प्रचारमोहीम सुरू झाली, तेव्हा अशी अंगठी मिळणाऱ्या वधूंचे प्रमाण शेकडा पाचहूनही कमी होते. १९८१पर्यंत ते शेकडा साठच्या आसपास पोचले. शतकानुशतके चालत आलेल्या विवाहविधीत एक नवे कलम घालण्यास जेमतेम चौदा वर्षे पुरली.

चिरंतनतेच्या या घोषणेत प्रेमापेक्षा अर्थशास्त्र अधिक होते. हिरा कायमचा असेल तर तो विकायचा नसतो. आणि घरोघरच्या पेट्यांतील हिरे बाजारात परत आले नाहीत, तरच नव्या हिऱ्यांचा भाव टिकतो. ज्या कोणी अडचणीच्या वेळी अंगठी घेऊन सराफाची पायरी चढली असेल, त्याला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील स्त्रीच्या अंगावरच्या सोन्याचा व्यवहार याच्या नेमका उलट आहे. पाटल्या, गोठ, एकदाणी हे दागिने हौसेचे असतात हे खरे. पण पेरणीच्या वेळी, मुलाच्या शिक्षणाच्या वेळी, दुखण्याबाणण्यात ते मोडता येतात किंवा गहाण ठेवता येतात, हा त्यांचा खरा आधार असतो. सोने भावनेचे प्रतीक असूनही भावनेच्या भरवशावर विकले जात नाही. त्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो आणि त्याच्या शुद्धतेवर शिक्का असतो. हिऱ्याच्या अंगठीला पुनर्विक्रीत काय मिळेल हे मात्र विकत घेताना कोणी सांगत नाही, कारण तो प्रश्न विचारणे हेच प्रेमाविषयी शंका घेण्यासारखे ठरविले गेले आहे.

आज प्रयोगशाळेत घडविलेला हिरा खाणीतल्या हिऱ्याइतकाच रासायनिकदृष्ट्या अस्सल असतो आणि त्याची किंमत तुलनेने फारच कमी असते. अशा वेळी २०२३ साली डी बिअर्सने आपले तेच जुने घोषवाक्य पुन्हा बाहेर काढावे, यात नवल नाही. वस्तूचा वेगळेपणा संपला की भावनेचा वेगळेपणा पुढे करावा लागतो. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेच्या कारागिरांचा घाम मात्र या प्रेमकथेत कोठेही दिसत नाही.

रांग विसरलेली स्कूटर

प्रेमाची जाहिरात भविष्याचे आश्वासन देते. स्मरणरंजनाची जाहिरात भूतकाळाची ग्वाही देते. ज्या भावनेला आज इतका मान आहे ती एकेकाळी व्याधी मानली जात असे. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यकाभ्यासकाने घरापासून दूर राहणाऱ्या स्विस माणसांच्या झुरणीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले, ते रोग म्हणून. त्या रोगाचे औषध होते घरी परतणे. बाजाराने या व्याधीवर निराळाच उपाय शोधला. घरी परतणे शक्य नसेल तर घराची आठवण करून देणारी वस्तू विकत घ्या, असा तो उपाय आहे.

पुण्याच्या आकुर्डीत तयार होणाऱ्या चेतक स्कूटरचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९७२पासून बनू लागलेली ही स्कूटर मध्यमवर्गीय घराच्या प्रतिष्ठेची खूण होती. १९८९ साली ‘हमारा बजाज’ या नावाने गाजलेली जाहिरात आली, तेव्हा इंधन वाचविणाऱ्या जपानी बनावटीच्या मोटारसायकली बाजारात येऊन स्थिरावू लागल्या होत्या. म्हणजे त्या लोकप्रिय जाहिरातीमागेही स्पर्धेची धास्ती होती. ती स्कूटर देशाचे चित्र म्हणून उभी करण्यात आली आणि तिला नाकारणे म्हणजे जणू घरच्या माणसाला नाकारणे ठरले. तरीही बाजाराने आपला निर्णय दिला. २००९ साली कंपनीने स्कूटरचे उत्पादनच थांबविले. पुढे दहा वर्षांनी, २०१९ साली, चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या संपूर्ण वेगळ्या वाहनाला देऊन पुन्हा आणण्यात आले. यंत्र नवे, तंत्र नवे, किंमत नवी. जुने होते ते केवळ नाव आणि त्या नावाशी निगडित असलेली पित्याच्या स्कूटरवर पुढे उभे राहून केलेल्या प्रवासाची आठवण.

या आठवणीतून एक गोष्ट मात्र काळजीपूर्वक गाळली जाते. परवाना पद्धतीच्या त्या काळात स्कूटर मिळविण्यासाठी आगाऊ नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलाच्या जन्माच्या वेळी नोंदविलेली स्कूटर तो शाळेत जाऊ लागल्यावर मिळाली तरी लोक नशीब समजत. ज्यांच्याजवळ वशिला किंवा परकीय चलन असे त्यांना ती लवकर मिळे. म्हणजे ज्या काळाला आज सोनेरी मुलामा दिला जातो, तो ग्राहकाच्या दृष्टीने टंचाईचा आणि अगतिकतेचा काळ होता. स्मरणरंजन भूतकाळाविषयी उघड खोटे बोलत नाही. ते फक्त रांग वगळते.

शीतपेयांच्या क्षेत्रातही हेच घडले. १९७७ साली कोका-कोला कंपनी देशाबाहेर गेल्यावर कॅम्पा कोलाला मोकळे रान मिळाले. १९९०च्या दशकात परदेशी कंपन्या आल्यावर ते पेय नामशेष होत गेले. २०२२ साली रिलायन्स समूहाने हे नाव विकत घेतले आणि २०२३ साली ते पेय नव्या रूपात बाजारात आणले. या खरेदीत जुने कारखाने किंवा यंत्रे महत्त्वाची नव्हती. महत्त्वाचे होते ते नाव, म्हणजेच चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या लक्षावधी माणसांच्या मनातील लग्नसमारंभांची आणि सहलींची स्मृती. व्यापारचिन्हाच्या कायद्याने अशा स्मृतीचे खरेदीखत होऊ शकते. आठवण ग्राहकाची आणि मालकी कंपनीची, असा हा अजब व्यवहार आहे. त्यात मूळ मालकाला, म्हणजे ज्याने ती आठवण जगून निर्माण केली त्याला, स्वतःच्याच आठवणीसाठी दाम मोजावा लागतो.

मनाचे अर्थशास्त्र

अशा जाहिरातींवर एवढा खर्च का होतो याचे उत्तर प्रयोगांनी दिले आहे. २०१४ साली जॅनिन लासालेटा, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि कॅथलीन व्होस या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, गतकाळाच्या आठवणीत रमलेल्या माणसाची पैशावरची पकड सैल होते. माणसांशी असलेले नाते मनात जागे झाले की पैशाचे महत्त्व त्या क्षणापुरते कमी होते आणि एरवी देणार नाही एवढी किंमत तो देऊ करतो. ही मानवी स्वभावातील उदात्त गोष्ट आहे. नात्यापुढे पैसा गौण वाटणे हे माणुसकीचेच लक्षण होय. परंतु गल्ल्यावर बसलेला माणूस त्याच उदात्ततेची वाट पाहत असेल, तर तिचा लाभ नात्याला न होता गल्ल्याला होतो.

दुसरा प्रयोग याहून अस्वस्थ करणारा आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले की, जाहिरात जुन्या आठवणी जाग्या करते एवढेच नव्हे, तर न घडलेल्या आठवणीही रुजवू शकते. डिस्नेच्या उद्यानात बालपणी बग्ज बनी या सशाशी हस्तांदोलन केल्याचे सुचविणारी जाहिरात काही जणांना दाखविण्यात आली. त्यानंतर आपणही त्याच्याशी हात मिळविला होता, अशी त्यांच्यापैकी अनेकांची खात्री वाढली. वास्तविक तो ससा डिस्नेचा नाहीच. तो वॉर्नर ब्रदर्स या प्रतिस्पर्धी कंपनीचा आहे. माणसाचे बालपणही जाहिरातीच्या हातून सुरक्षित नाही, असाच याचा अर्थ.

महाराष्ट्राला हे पटविण्यासाठी अमेरिकेतील सशाची आवश्यकता नाही. १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या; १९७६ साली दूरदर्शनने त्यांना दार उघडले. तेव्हापासून प्रत्येक पिढीच्या बालपणात मातृभाषेतील ओव्यांइतक्याच जाहिरातींच्या धुना मिसळल्या आहेत. मोती साबणाचे उदाहरण घ्यावे. टाटा ऑइल मिल्सचा हा साबण ती कंपनी १९९०च्या दशकात विलीन झाल्यावर हिंदुस्थान लिव्हरकडे गेला. नरकचतुर्दशीच्या पहाटे शेजाऱ्यांची दारे ठोठावून त्यांना अभ्यंगस्नानासाठी उठविणारे आजोबा त्याच्या जाहिरातीतून घरोघरी पोचले. अभ्यंगस्नानाच्या परंपरेत तेल होते, उटणे होते, कारीट फोडणे होते. कारखान्यातला साबण नव्हता. आज अनेक मराठी घरांत तो साबण आणल्याखेरीज दिवाळीची खरेदी पुरी होत नाही. एक-दोन पिढ्यांत साबणाची वडी परंपरेच्या ताटात जाऊन बसली, आणि आता तिची आठवणही खरीच आहे. कारण त्या सुगंधाबरोबर कोणाची तरी आई खरोखरच पाठीला तेल चोळत होती.

भावना खोटी नसते, ही या व्यवहारातील खरी गुंतागुंत आहे. १९९४ सालच्या डेअरी मिल्क चॉकलेटच्या जाहिरातीत प्रियकराने षटकार मारताच पहारेकऱ्याला चुकवून मैदानात नाचत शिरणारी तरुणी ज्यांनी पाहिली, त्यांना ती आजही आठवते. चॉकलेट हा लहान मुलांचा खाऊ आहे हा समज मोडून मोठ्या माणसांना त्याकडे वळविणे, हा त्या जाहिरातीचा व्यापारी हेतू होता. पण सार्वजनिक ठिकाणी स्त्रीने एवढ्या निःसंकोचपणे आनंद व्यक्त करावा हे चित्रही तिने रूढ केले. २०२१ साली त्याच जाहिरातीची नवी आवृत्ती आली. तिच्यात खेळाडू स्त्री होती आणि नाचणारा पुरुष. बदलत्या काळाचे ते स्वागत होते यात शंका नाही. मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले ते प्रामुख्याने जुनी जाहिरात आठवल्यामुळे. जाहिरात आता जीवनाच्या आठवणीवर नव्हे, तर जाहिरातीच्याच आठवणीवर जगू लागली आहे.

कोणाचा भूतकाळ?

या सोनेरी भूतकाळाविषयी आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो नेमका कोणाचा? जाहिरातीतल्या वाड्यात तुळशीवृंदावन असते, झोपाळा असतो, भरलेले फराळाचे डबे असतात. त्या डब्यांसाठी चुलीपुढे रात्री जागविणारी स्त्री हसतमुख दाखविली जाते. तिचा थकवा दिसत नाही. ज्यांना त्या वाड्याच्या विहिरीवर पाणी भरण्यास मज्जाव होता, त्यांच्या स्मृतीला या चित्रात स्थान नाही. १९८२च्या संपानंतर ज्या गिरणगावाचा कणा मोडला, तेथील दहा बाय बाराच्या खोल्यांचेही आता चित्रमय कौतुक होते. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर भव्य खरेदी संकुल उभे आहे. गिरणीत घाम गाळणाऱ्याच्या नातवाला त्याच भूमीवर ‘जुन्या मुंबईची चव’ वातानुकूलित दालनात विकत मिळते. इतिहास ही वादाची, जबाबदारीची गोष्ट असते. स्मरणरंजन इतिहासातील वाद काढून टाकते आणि उरलेल्या गोडव्यावर वेष्टन चढविते.

याचे व्यावहारिक परिणामही क्षुल्लक नाहीत. ओळखीचे वेष्टन पाहून हात आपोआप पुढे जातो आणि वजनाचा आकडा वाचला जात नाही. बिस्किटाचा पुडा त्याच किमतीला, त्याच रंगात मिळतो. आतील बिस्किटे कमी झालेली असतात. विवाहाच्या बाबतीत ही किंमत कितीतरी अधिक आहे. चित्रपटासारखे लग्न, लग्नापूर्वीचे सजविलेले चित्रीकरण, अंगठीचा वेगळा समारंभ यांना प्रेमाचा पुरावा मानले गेले की खर्च न करणारा पिता कंजूष आणि खर्च न मागणारी वधू अरसिक ठरते. हुंड्याविरुद्ध बोलणाऱ्या समाजात कर्ज काढून केलेल्या समारंभाविषयी मात्र सारे मौन बाळगतात, कारण तो हौसेचा भाग असतो.

कायदा कोठवर पोचतो?

या प्रश्नावर कायद्याने उपाय करावा, अशी सूचना सहज पुढे येईल. १९८५ साली जाहिरातदारांनीच स्थापन केलेली अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल स्वयंनियमनाचे काम करते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. पण दिशाभूल म्हणजे वस्तूचे स्वरूप, प्रमाण किंवा दर्जा यांविषयीची दिशाभूल. भावनेने केलेली भुरळ या व्याख्येत बसत नाही. २०२३च्या नोव्हेंबरात संगणकीय खरेदीतील फसव्या रचनांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत ग्राहकाला लाज किंवा अपराधीपणा वाटायला लावून खरेदी करविणे हा निषिद्ध प्रकार मानला आहे. भावनेचा दबाव हाही दबाव असतो, याची ही स्वागतार्ह नोंद होय. मात्र लाजेवर बोट ठेवणे सोपे असते. मायेवर ते ठेवता येत नाही.

ठेवूही नये. जाहिरातीतील भावनांवर पहारा बसविण्याचा अधिकार एकदा कोणाच्या हाती दिला, की तो कसा वापरला जातो याचा अनुभव देशाला आहे. २०२० साली भिन्नधर्मीय कुटुंबातील डोहाळजेवणाचे सौम्य चित्र दाखविणारी तनिष्कची जाहिरात झुंडीच्या दबावाने मागे घ्यावी लागली. भावनांचे नियमन शेवटी झुंडीच्या हाती जाते, आणि त्यात ग्राहकाचे हित कोणीच पाहत नाही.

मग उरतो तो मार्ग माहितीचा आणि विवेकाचा. जाहिरात जेवढी भावनिक, तेवढी वस्तूविषयीची माहिती ठळक असली पाहिजे. वेष्टनातील वजन घटले तर ते पुढील बाजूस मोठ्या अक्षरांत सांगण्याचे बंधन असावे. हिऱ्याच्या पावतीवर पुनर्विक्रीच्या अटी असाव्यात. जुने नाव नव्या कंपनीने घेतले असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख असावा. यांपैकी एकाही मागणीने कोणाच्या अभिव्यक्तीवर गदा येत नाही. शाळांतून मुलांना निबंध लिहिण्यास शिकविले जाते. जाहिरात वाचण्यासही शिकविले गेले पाहिजे. ज्या वयात आवडीनिवडी पक्क्या होतात, त्याच वयावर बाजाराचा डोळा असतो.

ग्राहक मूर्ख नसतो. आपल्याला भुलविले जात आहे हे त्याला बहुधा कळतेही. कधीकधी तो आनंदाने भुलतो, आणि त्या आनंदाला आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु आनंदाने दिलेले दान आणि नकळत भरलेला कर यांत फरक आहे. तो फरक ओळखण्यासाठी खरेदीपूर्वी एकच प्रश्न पुरतो: या वस्तूवरून आठवणीचे वेष्टन उतरविले, तर उरलेल्या वस्तूला हीच किंमत दिली असती काय? उत्तर होकारार्थी असेल तर वस्तू खुशाल घ्यावी. नकारार्थी असेल, तर जे हवे आहे ते दुकानात नाही हे ओळखावे. आई हयात असेल तर तिला भेटायला जाण्यास एसटीचे तिकीट पुरते, आणि ते बहुतेक वस्तूंपेक्षा स्वस्त असते.